एकोण

पत्ता बरोबर होता, दार चुकलं.
हेसल रोडजवळच्या त्या चॅपलला
मागच्या अंगाला दोन दारं, दोन्ही हिरवी.
पहिल्या मंगळवारी मी डावीकडचं ढकललं
तर आत बारा बायका लोकर विणत बसलेल्या.
निळा चष्मा लावलेल्या एकीनं हातात सुया दिल्या.
तासभर मी कुणाच्या तरी नातवाचा मोजा उसवत राहिले
आणि घरी येऊन
तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला.

बाटली तळाशी असायची.
भात आमच्याकडे दुसरं कुणी शिजवत नाही.

दुसऱ्या मंगळवारी गाडीतून उतरलेच नाही.
नदीवरून धुकं आलेलं,
पाऊस नसताना वायपर चालू.
एक म्हातारा आला, एक पोरगा टोपी ओढून,
एक बाई, ऑफिसच्या बुटांत.
उजव्या दाराशी प्रत्येकानं
एकदा मागे वळून पाहिलं.
त्या पाहण्यावरून ओळखलं,
ते दार हे.

तिसऱ्या मंगळवारी ग्लेनिस दारातच, किटली घेऊन.
तिनं विचारलं इंग्रजीत, मला ऐकू आलं मराठीत:
घेणार?
घेणं. आमच्याकडे या क्रियापदाला
कर्म लावावं लागत नाही.
'ते घेतात,' आत्या आवाज खाली करून म्हणायची
आणि पोराटोरांनाही कळायचं, काय.
'ती घेते' हे मात्र
मी उभ्या जन्मात कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.
पुरुषाला बेवडा म्हणतात, दारुडा म्हणतात,
शिवी तर शिवी, पण शब्द आहे.
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
मी माझ्यासाठी एखादा शोधत होते
तोवर पाळी आली.

मी सुलक्षणा, म्हटलं.
हे नाव ऐकून इथे कुणी हसत नाही, ही एक सोय.
पुढचं वाक्य परक्या भाषेतलं होतं
म्हणून घशातून बाहेर आलं.
आभाळ वगैरे कोसळलं नाही.
नॉर्मन म्हणाला,
ती बिस्किटं जरा इकडे सरकवा.

नॉर्मन ट्रॉलरवर आचारी होता.
बाटली पिठाच्या पिंपात लपवायचा, म्हणाला,
आणि बाही झटकायला विसरायचा.
सगळं जहाज ती पांढरी बाही बघायचं,
कुणी बोलायचं नाही.
मी हसले. मोठ्यानं. मग हसणं
कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी जाऊन फुटलं
आणि टोपीवाल्या पोरानं
न बघता रुमालांचा खोका पुढे केला.

दिवस मी मराठीतच मोजते.
एकोणीस. एकोणतीस. एकोणचाळीस.
आपले आकडे आधी उणीव सांगतात,
किती झाले ते मागाहून.
एकोणनव्वदाव्या दिवशी, रात्रपाळीवरून येताना,
एका एक्स-रेतलं बोटभर मनगट डोळ्यांपुढून हलेना.
डबा रिकामा होता; दुकान उघडं होतं.

पुढच्या मंगळवारी गेले ते
तोंड लपवायला जागा शोधत.
ग्लेनिसनं कप भरला. किती दिवस? तिनं विचारलं.
चार, म्हटलं.
चार, ती म्हणाली, साखर किती विचारावी तशी,
आणि दोन चमचे घातले.

आज नव्व्याण्णव.
इथे मात्र आपली भाषा एकोण म्हणत नाही,
शंभराकडे बघत नाही.
का, ते ठाऊक नाही. शाळेत कुणी विचारलं नव्हतं.

किटली आज माझ्याकडे.
साडेसातला उजवं दार हळूच उघडलं
आणि निळा चष्मा आत आला.
बाई, दार चुकलं का, विचारणार होते.
तिनं मागे वळून पाहिलं होतं.
मी कप पुढे केला.
तिच्या पिशवीतून लोकरीचा धागा निसटून
उंबऱ्यावरून बाहेर,
ओल्या फरशीवरून डावीकडे गेलेला,
अजून न तुटलेला.