शिवणीतली माया

ब्लाऊज बेतताना कडेला दोन बोटं कापड जास्त सोडतात,
त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात.
पुढं अंग सुटलं तर उसवायला.
साखळीच्या बाजारात, औषधाच्या दुकानावरच्या माळ्यावर
सव्वीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांत माया ठेवत आले.

माप घेताना आकडा मोठ्यानं म्हणायचा नाही.
वहीत लिहायचा, टेप गळ्यात टाकायची
आणि विचारायचं, गळा खोल हवा की बेताचा?
त्या वहीत अर्धा गाव आहे:
सुर्लेकरांची सून, बाळंतपणाआधी आणि नंतर,
कुडण्याच्या शाळेतल्या बाई, दर जूनला अर्धा इंच.
माझं पान नव्हतं.
माझी माया मी माप न घेताच उसवत गेले,
एक शिवण, मग दुसरी,
मग काखेत वेगळ्याच रंगाचा तुकडा.

खाण बंद पडली, नवऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला
आणि आम्ही दोघं बसून राहिलो.
बसलेल्या माणसाला भूक लागते असं नाही,
हाताला काहीतरी लागतं.
इनास पदेराचा भोंगा वाजला की सहा उंडे,
संध्याकाळी परत चार, चहात बुडवून.

गुडघा बोलायला लागला तेव्हा
सरकारी दवाखान्यातली डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली,
मावशी, पथ्य नको. पथ्य संपतं.
मरेपर्यंत जमेल तेवढंच करा.
मला राग आला.
गुडघा दाखवायला गेलेल्या बाईशी
मरेपर्यंत म्हणतात का कुणी?

मशीनची मोटर काढून फळीवर ठेवली,
पाय परत पायडलवर.
इनासला म्हटलं, दोन पोई.
"फकत दोन?"
दुसऱ्या दिवशी पुन्हा, फकत दोन?
पाऊस संपला तरी विचारायचा.
पेजेचा मोठा वाडगा मांजरीला लावला.
ताटात आधी तांबडी भाजी, मग हुमण,
भात शेवटी, पाहुण्यासारखा.

पहाटे वाळवंटीच्या काठानं दत्तवाडीकडे.
पहिल्या दिवशी पुलाशीच बसले,
टॉर्च बंद करून, कुणी बघू नये म्हणून.
देवळापर्यंत पोचायला तीन महिने लागले.
दत्त तिथेच होता.
नवरा अजून येत नाही,
दारातून किती वाजले ते सांगतो.

चवथीला नेवऱ्या खाल्ल्या. मोजल्या नाहीत.
मोजल्या असत्या तर अकरा.
दुसऱ्या दिवशी लाज घेऊन चालले,
तिसऱ्या दिवशी नुसती चालले.

वर्षभरात सात किलो.
ऐकायला काहीच नाही, तांदळाची पिशवी.
ती काखेत घेऊन पुलापर्यंत जाऊन बघा
आणि मग सांगा.

इनासनं विचारणं कधी बंद केलं
ते लिहून ठेवायचं राहिलं.
दोन पोई काढायचा, टोपलीवर प्लास्टिक ओढायचा,
सायकल पुढं.
एक दिवस रस्त्यात उभी राहून मीच त्याच्याकडे बघत राहिले,
विचार की रे.

काल रात्री वहीचं कोरं पान काढलं.
वर लिहिलं, कुंदा माजिक, साखळी.
स्वतःचं माप स्वतः घेता येत नाही नीट,
टेप पाठीमागं खाली घसरते.
नवऱ्याला धरायला लावली.
त्यानं आकडा मोठ्यानं वाचला,
गाढवच तो.

मग जुना काळा ब्लाऊज घेतला, काखेतला तुकडा काढला,
दोन्ही शिवणी आत घेतल्या.
कडेला पुन्हा दोन-दोन बोटं कापड उरलं.
तो म्हणाला, कापून टाक की, आता कशाला ठेवतेस?
मी ते आत दुमडून टाके घातले,
दोरा दातानं तोडला.
राहू दे. खात नाही ते काही.
दिवा मालव, मला पहाटे उठायचंय.