अर्धा अँपिअर

साकीनाक्याला, खैरानी रोडवरच्या आमच्या गाळ्यात
गोळ्यांच्या पट्ट्या पॅक करणारं मशीन
वर्षातून चार-पाचदा मरायचं.
मरताना काही सांगायचं नाही.
पॅनेल उघडावं तर आत चोवीस व्होल्टचा तो डबा,
हिरवा दिवा विझलेला,
चेहरा असा, की मी तर इथे नव्हतोच.

मग टेस्टर, मग मीटर, मग देवाचं नाव,
मग मालकांचा फोन : तुळसकर, किती वेळ?
मी म्हणायचो, वीस मिनिटं.
वीस मिनिटं हे माझं खोटं बोलण्याचं माप होतं.
एकदा ती सहा तास चालली
आणि बेल्टवर अर्धवट सील झालेल्या पट्ट्या
तोंड उघडं टाकून निजलेल्या माणसांसारख्या पडून राहिल्या.

तेव्हा माझं उपकरण म्हणजे पंजाची मागची बाजू.
पत्र्यावर टेकवायची, ताप बघतात तशी,
आणि म्हणायचं, हा महिना काढेल.
बहुतेकदा काढायचा.
‘बहुतेकदा’ रजिस्टरात लिहिता येत नाही.

मग नवा डबा आला. तसाच करडा,
पट्टीवर टिचकन बसणारा.
पण हा बोलतो, म्हणाली कुंजल,
लॅपटॉप घेऊन आलेली, माझ्या धाकटीच्या वयाची.
आत किती गरम, भार किती,
बाहेरची वीज किती वेळा कचरली,
आयुष्य किती उरलं, तेही तासांत.
मी म्हटलं, बाई, एवढं तर मी डॉक्टरलाही सांगत नाही.

खरंच बोलला.
मार्चमध्ये म्हणाला, रोज अकरा चाळीसला वीज गचका खाते;
शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर निघाला.
एप्रिलमध्ये म्हणाला, गुदमरतंय;
बघतो तर जाळीवर धुळीची गोधडी.
झाडली ब्रशने, चहाच्या सुट्टीत.
मशीन थांबलं नाही.
न थांबलेल्या मशीनसाठी कुणाचा फोन येत नाही.

मेमध्ये त्याने तिसरी गोष्ट सांगितली :
रात्रपाळीत, दोन ते सहा,
भार अर्धा अँपिअर जास्त.
दिवसा नाही. रविवारी नाही.
कुंजलने पडद्यावर रेघेची पायरी दाखवली.
काका, कुठेतरी गळती आहे, शोधा.

शोधायचं काय त्यात.
सीलिंगच्या तापलेल्या जबड्याशी दोनला उषा घाडी उभी राहते.
मागच्या पंधरवड्यात चक्कर येऊन खोक्यांवर बसली होती.
पंखा मागितला तर मालक म्हणाले, पट्ट्या उडतील.
भंगारातल्या पॅनेलचा पंखा, तळहाताएवढा,
मीच बसवला तिच्या मानेमागे,
तार त्याच चोवीस व्होल्टात खुपसून.
चुगलखोर निघेल डबा, हे कुठे ठाऊक होतं.

कुंजलला नेऊन दाखवला.
ती बराच वेळ त्या पंख्यापुढे हात धरून उभी.
मग म्हणाली, नोंदीत काय लिहू?
लिही, कूलिंग.
कशाचं?
मी काही बोललो नाही. तिने मर्यादा वाढवली,
आणि तार नीट फ्यूज लावून ओढायला लावली,
दम देऊन.

आता मोबाइलवर मलाही दिसतं.
दोनला रेघ चढते, सहाला उतरते.
उतरली की समजायचं, बाई घरी निघाली.

काल रात्री रेघ चढलीच नाही.
डबा म्हणतो सगळं ठीक, ताप बेचाळीस,
आयुष्य एकसष्ट हजार तास.
सकाळी मी फोन लावला.
काही नाही हो, म्हणाली, जरा कणकण आहे.
कपाळाला हात लावून बघितला का कुणी,
मी विचारलं,
पंजाच्या मागच्या बाजूने?