कोरी काच

सहा मायक्रॉन.
उंदरीचं अंडाशय, मसुराच्या दाण्याएवढं,
मेणाच्या ठोकळ्यात बसवलेलं,
पात्याखालून रिबीन होऊन निघतं
आणि कोमट पाण्यावर पसरतं.
एकतीस वर्षं मी हेच करते,
यामागाताच्या या तिसऱ्या मजल्यावर.
अजूनही त्या क्षणी श्वास रोखते.

इगाराशी-सान एकच विचारतात : कुठे?
किती, ते खालच्या मजल्यावरचं यंत्र सांगतं,
सगळं वाटून, मिसळून, एका आकड्यात.
घर पाडून विटा मोजता येतात,
पण चूल कुठल्या कोपऱ्यात होती
ते विटांना विचारू नये.

पेशीला कडेनं स्निग्धाचा पातळ पदर असतो.
बाहेरून निरोप आला की
त्या पदराची एक दशी सुटते,
आणि ती दशी हाच आतला निरोप.
आमचं एन्झाइम तिला फॉस्फेटची गाठ मारतं.
बोलणं तिथे थांबतं,
किंवा वेगळंच सुरू होतं.

तीन वर्षं त्या गाठीच्या मागे होतो.
तपकिरी रंग उतरायचा ठरलेल्या जागी :
बीजपुटकाभोवतीच्या थरात,
गर्भनलिकेच्या आतल्या झालरीत,
नराच्या वृषणात नळ्यांमधल्या फटींत,
जिथे लेडिग पेशी
गप्पांना बसल्यासारख्या घोळक्यानं असतात.
अंड्यात मात्र नाही. अंडं फिकट, निळसर,
पंगतीत उपाशी राहिलेल्या यजमानासारखं.
इगाराशी-सानांनी नकाशा काढला, रंगीत.
त्यांच्या बायकोनं तो स्वयंपाकघरात लावला.

फेब्रुवारीत कानाझावाहून खोकं आलं :
आठ उंदीर, ज्यांच्यात ते एन्झाइम
जन्मापासूनच नाही.
त्यांची काच कोरी निघायला हवी.
कोरी काच माझ्या ओळखीची आहे.
दर खेपेला मी एक करते, प्रतिपिंड न घालता.
ती कुणी छापत नाही,
पण तिच्या साक्षीशिवाय
बाकीच्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही.

रात्रीचे साडेनऊ. भिंगाखाली
तोच थर तपकिरी.
तीच झालर.
त्याच फटी.
नसलेल्याचा पत्ता, घर क्रमांकासकट.

पुन्हा कापलं. पुन्हा धुतलं. नवी बाटली उघडली.
पुन्हा तपकिरी.

ते बर्फाचे बूट घालूनच आत आले,
फरशीवर पाणी साचेपर्यंत बघत राहिले.
"कुमागाई-सान, हे आणखी कुणी पाहिलंय?"
खिडकीबाहेर बर्फ काढणारी गाडी
मागे-पुढे, मागे-पुढे करत होती.
मी म्हटलं, "तुम्ही पाहिलंत की."
ते बराच वेळ काही बोलले नाहीत,
मग म्हणाले, चहा आहे का.

आमच्या इमारतीमागे प्राण्यांसाठी एक शिळा आहे.
शरदात तिथे शेवंती ठेवतात, सगळे वाकतात.
या वर्षी इगाराशी-सान जरा जास्त वेळ वाकलेले होते.
माझ्या डोक्यात हिशेब चालला होता :
दोनशे चौदा उंदीर,
एकही खोटं बोलला नव्हता.

त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जेवले.
नकाशा अजून तिथेच, तेलानं कोपरा पिवळा.
मी बघते आहे हे त्यांच्या बायकोनं पाहिलं.
"तिथे काहीतरी आहेच ना?" ती म्हणाली,
"फक्त नाव चुकलं."
आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी
माझ्याकडे सरकवली.