दहा तेत्री

ओतारची पेटी लिफ्टमध्ये मावेना.
उभी करू या, म्हणाला कोणीतरी.
नातेला म्हणाली, जन्मभर बसून ट्रॉलीबस हाकली त्यानं,
आता तरी आडवा राहू दे.

मग जिने. चौदा मजले.
तिबिलिसीच्या या उतारावर आमच्या तीन इमारती
हवेतल्या पुलांनी एकमेकींचे हात धरून उभ्या,
आणि तळाला, लिफ्टशेजारच्या खोक्यात, मी, लामारा,
अठरा वर्षं विणत आणि नाणी मोजत.
वर जायचे दहा तेत्री. उतरणं फुकट.

लिफ्टवालीला विचारू नये कोण कुठं जातं.
ती सांगत नाही. पण दारावरचा लाल आकडा
तिच्याच डोळ्यांसमोर असतो.
ओतार म्हणायचा चौदावा,
आकडा थांबायचा नऊवर.
तास-दीड तासानं वरचे पाच मजले तो पायी चढायचा,
धापा टाकत घरात शिरायचा, म्हणायचा,
डॉक्टरनं चालायला सांगितलंय.
नातेला स्वतः दातांची डॉक्टर.
कोणता डॉक्टर, हे तिनं कधी विचारलं नाही.

नवव्यावर त्सियाला. पियानोच्या शिकवण्या.
नातेलाची नात तिथंच शिकली, सात वर्षं,
एका पैची फी नाही.
शेजारधर्म, म्हणायची त्सियाला,
आणि खिडकी लावून घ्यायची.

सहा खांदे जमले.
पुढं डावीकडे गोचा, ओतारचा मुलगा.
उजवीकडे लेवान, त्सियालाचा,
पोलंडहून रात्रीच्या विमानानं आलेला.
नेमका सुट्टीवर होता, असं त्याची आई
तीन जणींना, न विचारता, सांगून आली होती.
मागं बेकरीवाला जेमाल, त्याचा भाचा,
पुलापलीकडचा एक जाडजूड वकील,
आणि तिसऱ्या मजल्यावरचा मिन्स्कचा भाडेकरू,
ज्याला मेलेल्याचं नावही ठाऊक नव्हतं.
जिन्यात माणसं दिसली म्हणून बूट चढवून आला पोरगा.

जेमाल नंतर मला म्हणाला,
पेटीवर काठोकाठ भरलेला पेला ठेवला असता
तरी थेंब सांडला नसता,
इतके ते पुढचे दोघे एका उंचीचे.
मी म्हटलं, पाव दे आणि गप्प बस.
भट्टीतली पहिली शोती तो रोज मला देतो, पैसे घेत नाही.
कोणी विचारलं तर मीही शेजारधर्मच म्हणते.

आमच्यात माणूस घराबाहेर निघताना
पेटी दारावर तीनदा टेकवतात.
ठक. ठक. ठक. येतो म्हणून.
चौदाव्यावर ते झालं. बायका रडल्या.
खोकं बंद करून मीही मागून उतरत होते.

नवव्यावर सगळे दम खायला थांबले.
दार बंद. आत सूर नाही, काही नाही.
फक्त दाराखालच्या उजेडात
दोन पावलांची सावली, न हलणारी.
चला, म्हणाला गोचा, घाम पुसत.
टेकवा, म्हणाली नातेला.
कुठं?
समोर दार आहे ना. तीनदा.

कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
वकिलाला एकदम आपल्या बुटाची नाडी आठवली.
ठक.
ठक.
तिसऱ्या वेळी पेटी थोडी जास्तच वेळ टेकून राहिली,
उजवीकडून.

मिन्स्कच्या पोराला वाटलं इकडे प्रत्येक मजल्यावर असंच करतात.
आठव्यावर तो आपणहून वळायला लागला.
लेवाननं त्याला कोपरानं सरळ केलं,
आणि गोचाला हसू फुटलं, बापाच्या पेटीखाली,
लेवानलाही,
दोघांचं एकसारखं, नाकातून.

रात्री, पंगती उठल्यावर,
नातेला एकटी आली. बुटांना स्मशानातली ओली माती.
नववा लाव.
तुमचा चौदावा, म्हटलं.
माहीत आहे. पुढचे पाच पायी जाईन.
बघू दे तरी, किती चढ होता तो.

तिनं वीसचं नाणं दिलं.
मी सुटे शोधेपर्यंत दार मिटलं.
उरलेले दहा अजून माझ्या लोकरीच्या डब्यात आहेत.
कुणाचे म्हणून परत करू,
ठरत नाही.