ठिपका

स्कूटरच्या पैशात खिशात मावेल एवढा कॅमेरा आणला
तेव्हा हेमांगी एवढंच म्हणाली,
"यावर बसून भाजी आणता येईल का?"

झूम नाही. जवळ जायचं असेल
तर आपणच दोन पावलं चालायचं.
चाललो.
करावेच्या खाडीवर फ्लेमिंगो
शेंगदाण्याच्या सालपटांएवढे आले.
रामकेवलच्या इस्त्रीतला निखारा मात्र
असा आला, की फोटो बघताना बोट मागे घेतलं.

दीड वर्षात खिशातली धूळ आत शिरली.
आता प्रत्येक आभाळात, उजवीकडे वर,
एक करडा ठिपका.
पामबीचवर. जुईनगरच्या पाण्याच्या टाकीवर.
आमच्याच गच्चीत वाळणाऱ्या चादरींवर.
दुरुस्तीचा आकडा ऐकला
आणि कॅमेरा परत खिशात घातला.

अप्पा मोतीबिंदूनंतरच्या नव्या डोळ्यांनी
रविवारी सगळे फोटो बघत बसले,
चष्मा वरखाली करत.
शेवटी म्हणाले,
"ही घार बरीच ओळखीची दिसते रे तुझ्या.
जाशील तिथे येते."

हो म्हणालो.

परवा टाकीवर खरीच एक घार आली.
मी दोन पावलं सरकलो,
ठिपक्याला त्याची जागा ठेवून
तिला डावीकडे घेतलं.