साठ्याचे दिवस

अहवालाचं पहिलं पान मी वाचत नाही.
तिथे मालकांचा फोटो असतो, गळ्यात हार,
आणि 'आव्हानात्मक वर्ष' हे दोन शब्द.
मी मागून सुरू करते, टिपांपासून,
जिथे अक्षर बारीक होत जातं
आणि माणूस नाइलाजाने खरं बोलू लागतो.

झणझण नमकीन प्रायव्हेट लिमिटेड, सांवेर रोड, इंदूर.
कॅश क्रेडिट दोन कोटींनी वाढवून हवं.
विक्री अठरा टक्के वर.
नफा बासष्ट लाख, गेल्या सालच्या सवाई.
ताळेबंद दोन्हीकडून जुळतो.
तो जुळणारच. उंबऱ्याशी चपला जुळवून ठेवल्या
म्हणून कोणी घरात आहे असं थोडंच असतं.

झोकरकर साहेब म्हणाले, "जुनी पार्टी आहे हो बाई,
दिवाळीला डबा येतो."
येतो. माझ्याकडेही येतो.
लौंग सेव, अर्धा किलो, पाकिटावर छापलेलं:
पॅकिंगपासून चार महिन्यांच्या आत खावे.

दुपारी रामबागेच्या शाखेत पंखा फुल्ल.
कागद उडू नयेत म्हणून वर स्टेपलर, डब्याचं झाकण, किल्ल्या.
तयार माल चार कोटी एक्याऐंशी लाख,
भागिले विकलेल्या मालाचा खर्च अकरा कोटी अकरा लाख,
गुणिले तीनशे पासष्ट.
एकशे अठ्ठावन्न दिवस.
पुन्हा केलं. एकशे अठ्ठावन्न.
गेल्या साली एक्केचाळीस होते.

म्हणजे चार महिन्यांत खवट होणारी सेव
पाच महिने आठ दिवस गोदामात वाट बघतेय
आणि हिशेबात तिचा कुरकुरीतपणा शाबूत आहे.

मग बाकीचं आपोआप दिसत गेलं.
विक्री वाढली, पाकिटांची फिल्म मात्र कमी लागली
(सेव काय ओंजळीने विकली?)
बेसन वाढलं, गॅस घटला.
आणि कामकाजातून आलेली रोकड
दोन कोटी नव्वद लाख, कंसात.
आमच्यात कंस म्हणजे उणे.
तोंडावर दोन्ही हात धरून बसलेला आकडा.

गोदाम बघायला मीच गेले.
पुढच्या रांगेतले खोके जड, पट्ट्या नव्या.
मागे जाताना कन्हैया आडवा आला,
"मैडम, उधर मत जाओ, चूहे हैं."
असते तर बरं झालं असतं.
उंदीर मी मालाचा पुरावा म्हणून नोंदवले असते.
खवट तेलाचा भपकारा आला असता
तरी जीव थोडा खाली बसला असता.
वास फक्त पुठ्ठ्याचा होता.

हर्षिल पाटोदी लॅपटॉप उघडून बोलत राहिला,
ब्रँड, विस्तार, रायपूर, नागपूर.
कोपऱ्यात त्याचे वडील. त्यांनी कधी ताळेबंद वाचला नाही.
मल्हारगंजच्या दुकानात रात्री गल्ला मोजायचे,
जास्त भरला तर चांगला दिवस, कमी भरला तर नाही,
शटर ओढायचे नि झोपायचे.
मला म्हणाले, "बाई, मुनाफा तो हुआ है ना?"
मी वाटीकडे बघितलं.
"कागज पे हुआ है, काकाजी."
ते हसले नाहीत. वाटी पुढे सरकवली.

खाल्ली. ताजी होती, आजच्या घाण्याची,
लवंग मागाहून जिभेवर चढत गेली.
मागच्या शेडमध्ये बायका पाकिटं भरत होत्या,
मी मोजल्या, अकरा.
पगारपत्रकात चौतीस होत्या.

टिपणात सगळं लिहिलं: दिवस, फिल्म, गॅस, कंस.
शिफारस: वाढ नाही. साठ्याची स्वतंत्र मोजणी.
शेवटी एक ओळ जास्त पडली हातून,
'एक कढई अजून चालू आहे. माल उत्तम.'

झोकरकर साहेबांनी तेवढी खोडली,
समासात लिहिलं: असंबद्ध.
आणि खाली सही केली.