आधी मत दिलंय का?

मतदारसंघ आमचा मोठा, माणसं थोडी.
एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला गहू,
मधे तांब्याच्या बंद खाणी
आणि खाणींच्या काठावर आमचं पोर्ट कारवेन.

कीथ पेनबर्थीने नोव्हेंबरात राजीनामा दिला.
कारण: कुटुंबाला वेळ.
कुटुंब तोवर ॲडलेडला निघून गेलेलं,
हे पोस्टातल्या रीटाला ठाऊक होतं,
म्हणजे सगळ्यांना.

मग फेब्रुवारीतला शनिवार. बेचाळीस अंश.
शाळेच्या जिममध्ये पुठ्ठ्याचे आडोसे,
प्रत्येकात दोरीला बांधलेली पेन्सिल.
एकोणीस वर्षांत पेन्सिल कुणी चोरली नाही,
दोऱ्या तीनदा गेल्या.
बाहेर पालकसंघाची सॉसेजं, कांद्याचा धूर,
पाच उमेदवार:
औषधवाला, खेकडेवाला,
तेवीस वर्षांची एक मुलगी, पत्रकं वाटताना हात कापणारी,
एक दर वेळी उभा राहणारा,
आणि एक, ज्याला अजून कुणी पाहिलेलं नाही.

माझ्याकडे फूटपट्टी, यादी आणि तीन प्रश्न.
नाव काय, राहता कुठे, या निवडणुकीत आधी मत दिलंय का.
सख्ख्या बहिणीलाही विचारते.
ती म्हणते, ग्लेनिस, डोकं फिरलंय का तुझं?
नियम आहे. विचारते.

सहाला वीस कमी असताना तो आला.
टोपी हातात. रांग बोलायची थांबली.
कुणीतरी मागून म्हणालं, दंड चुकवायला आला असेल.
चार टेबलं होती, तो माझ्याच पुढ्यात.

"नाव?"
चौदा वर्षं हे नाव कुंपणाकुंपणावर होतं.
माझ्या खुराड्याचं छप्पर म्हणजे त्याचाच जुना फलक,
उन्हाने निळा पडलेला, अजून हसतोय.
कोंबड्यांची तक्रार नाही.
"कीथ आर्थर पेनबर्थी," तो म्हणाला,
सावकाश, मी लिहून घेणार असल्यासारखं.

"राहता कुठे?"
पंखा इकडून तिकडे फिरला, परत आला.
"सतरा, जेट्टी रोड," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत."
सोमवारपर्यंत लिहायला यादीत जागा नसते.

"या निवडणुकीत आधी मत दिलंय का?"
इथे बहुतेकजण विनोद करतात.
तो यादी बघत होता, त्याच्या बाजूने उलटी:
पेनबर्थी कीथ, खाली पेनबर्थी मॅविस.
मॅविसवर रेघ नव्हती.
"ती आली नाही?"
हे मी सांगायचं नसतं.
मी फूटपट्टी सरकवली, तिचं नाव झाकलं,
त्याच्यावर रेघ ओढली. जरा वाकडी आली.
"नाही," तो म्हणाला, "अजून नाही दिलं."

आडोशात तो बराच वेळ होता.
पाच चौकोन, एक ते पाच आकडे,
पोर शाळेत जायच्या आधी शिकतं तेवढे.
पेन्सिलीचा आवाज येत नव्हता. मग आला.

दारापाशी त्या मुलीने ओळखलं नाही त्याला,
पत्रक पुढे केलं.
"झालं माझं," तो म्हणाला,
आणि तरी घेतलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं.

सॉसेजं संपली होती.
डग ट्रेलोरने पावात नुसते कांदे भरून दिले त्याला.
पैसे घेतले का,
ते मला टेबलावरून दिसलं नाही.